चांदीच्या ठिपक्यांचा बिबट्या: जडाव का निघालं आणि परत कसं बसवलं

केस अशी आहे. ब्रॉन्झचा एक बसलेला बिबट्या, लांबीला दीड फुटाच्या आसपास, आतून पोकळ, अंगभर शुद्ध चांदीचे जडवलेले ठिपके आणि डोळ्यांत सोनं. शिल्पकार माझी जुनी मैत्रीण आहे, फक्त प्राणीच करते, आणि तिचा हात खरंच भारी आहे. मूर्ती क्लायंटकडे गेली आणि काही महिन्यांत दोन तक्रारी आल्या. एक, खांद्यावरची चांदी उचलली जातेय, बोट फिरवलं की नखाला अडकते, एक तुकडा तर गळूनच पडला. दुसरी, चांदी चांदीसारखी दिसतच नाही, राखाडी आणि मळकट, जवळून बघितली तर खरखरीत. त्यामुळे क्लायंटने तोंडावरच विचारलं की ही चांदी आहे तरी का. मी मूर्ती घडवत नाही, माझं काम धातूत धातू बसवायचं, तारेचं आणि पत्र्याचं जडाव, म्हणून तिचा मला फोन आला, "अरे चांदी निघतेय रे, एकदा येऊन बघ ना."

चांदी खरी होती, हे आधीच सांगून टाकतो म्हणजे तो विषय संपला. गळलेला तुकडा एक्सआरएफ मशीनखाली, म्हणजे क्ष-किरणांनी धातू ओळखणाऱ्या यंत्राखाली, ठेवला, शुद्ध चांदी निघाली. क्लायंटचा संशय तिथे मिटला पण राग काही मिटला नाही, आणि खरं सांगायचं तर बरोबरच होतं त्यांचं, कारण खऱ्या चांदीने असं दिसायला नको.

आता मूर्ती कशी बनली होती ते. आधी मातीत, त्यावर रबराचा मोल्ड, मोल्डमधून मेणाची प्रत, मग मेण वितळवून ओतकाम. धातू सिलिकॉन ब्रॉन्झ, म्हणजे साधारण ९५ टक्के तांबं, ४ टक्के सिलिकॉन आणि १ टक्का मँगनीज, आजकाल कलाकृतींच्या ओतकामात हाच जास्त चालतो कारण नीट वाहतो आणि वेल्डिंगला सोपा. धड आणि डोकं वेगवेगळं ओतून टिग वेल्डिंगने जोडलेलं. मग तिने ठिपक्यांसाठी खोबणी कोरल्या, चांदी बसवली, मूर्ती परत फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, गेली आणि तिथे रंग चढवला, म्हणजे पॅटिना. या क्रमाकडे लक्ष ठेवा, सगळी भानगड यातच आहे.

तिचा स्वतःचा अंदाज होता की गरम-थंड होऊन धातू फुगतो-आकसतो म्हणून चांदी उचलली. हे बरेच जण म्हणतात आणि ऐकायला पटतंही, पण हिशोब केला की फुस्स होतं. ब्रॉन्झ एका अंशाला दहा लाखात साधारण १८ भाग वाढतं, चांदी १९ भाग. म्हणजे फरक एकाचा. ठिपक्यांचं एक फूल दोन सेंटिमीटरचं धरा आणि तापमानात ५० अंशांचा फरक धरा, जो घरात बसलेल्या मूर्तीला कधी बघायलाही मिळत नाही, तरी दोघांत फरक पडतो मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचा. त्याने जडाव उचलत नाही. सोन्याचं थोडं वेगळं, ते १४ च्या आसपास वाढतं, पण तिथेही ठिपका लहान असला की काही होत नाही. चांदीचं जडाव केलेल्या जुन्या वस्तू शेकडो वर्षं उन्हाळे-हिवाळे खाऊन बसल्यात, त्या काय एसीत होत्या?

मग गळलेल्या तुकड्याची मागची बाजू बघितली आणि तिथे पिवळट काचेसारखा थर. इपॉक्सी, म्हणजे गोंद. मी तिच्याकडे बघितलं, तिने छताकडे.

त्याचं कारण असं. चांदी ब्रॉन्झमध्ये बसते ती चिकटून नाही, अडकून. खोबण वरून अरुंद आणि तळाशी रुंद लागते. आधी टोकदार छिन्नीने चर मारायचा, मग चपट्या छिन्नीने दोन्ही भिंती आतून खालच्या बाजूला खणायच्या, म्हणजे वरच्या कडांना ओठ तयार होतात. चांदी तापवून मऊ केलेली हवी, अंधारात धरली तर जेमतेम लालसर दिसेल एवढाच ताव. ती खोबणीत ठेवून बोथट ठोकणीने ठोकली की पसरते, ओठांखाली शिरते आणि मग काढायची म्हटली तरी निघत नाही, कापूनच काढावी लागते. मोठा ठिपका असेल तर पत्र्याचा तुकडा आधी किंचित फुगवून घुमटासारखा करायचा, खोबणीत ठेवायचा आणि वरून सपाट करायचा. सपाट होताना त्याला जागा पाहिजे असते, म्हणून तो कडांखाली घुसतो. आणि तळ गुळगुळीत ठेवायचा नाही, छिन्नीने छोटे छोटे दात उठवायचे. मला विचाराल तर ही घुमटाची युक्ती या धंद्यातली सगळ्यात सुंदर गोष्ट आहे, एवढा साधा विचार आणि एवढी घट्ट पकड.

पाठीवर आणि कुशीवर तिने हे सगळं व्यवस्थित केलं होतं, तिथला एकही ठिपका हलत नव्हता. गडबड फक्त डाव्या खांद्यावर. तिथे कोरायला लागली तेव्हा आवाज वेगळा यायला लागला म्हणे, पत्र्याच्या डब्यासारखा, आणि एका जागी छिन्नी जवळजवळ आरपार गेली. म्हणजे ओतताना मूर्ती पोकळ राहावी म्हणून आत ठेवलेला गाभा सरकला होता आणि तिथली भिंत पातळ राहिली होती. बाकी अंगात जिथे पाचेक मिलिमीटर जाडी होती तिथे खांद्यावर दोनपेक्षाही कमी. मग घाबरून तिने खोबणी उथळ ठेवल्या, भिंती आतून खणल्याच नाहीत आणि चांदी इपॉक्सीने चिकटवली. शिवाय पातळ भिंत ठोकताना ड्रमसारखी खाली-वर होते, म्हणजे हातोडीचा जोर चांदी पसरवण्याऐवजी भिंत हलवण्यात जातो. थोडक्यात तिथे पकड अशी नव्हतीच, सगळा भार गोंदावर.

आणि असा गोंद लावलेला बिबट्या फाउंड्रीत गेला, जिथे त्याला टॉर्चने तापवून रंग दिला. गरम पॅटिनाला पृष्ठभाग एवढा तापवतात की पाण्याचा थेंब टाकला तर चर्र करून उडून जातो, म्हणजे शंभरच्या वरच. साधं इपॉक्सी त्याच्या बरंच आधी मऊ पडतं. वर ते धातूच्या तिप्पट तरी फुगतं, थंड होताना आकसतं. तिथेच ते सुटलं असणार, फक्त मेणाच्या पॉलिशखाली काही दिवस दबून राहिलं. फाउंड्रीवाल्यांना आत गोंद आहे हे कोणी सांगितलंच नव्हतं, त्यामुळे ह्या भागात त्यांना दोष देता येत नाही. गाभा सरकला तो मात्र त्यांचाच, आणि त्यांनी तो मान्यही केला, थोडी कुरकुर करून.

आता दुसरी तक्रार, आणि माझ्या मते हीच खरी मोठी. खांद्याचं काय, ते एका जागचं दुखणं होतं, पण चांदी तर अंगभर खराब दिसत होती. भिंगाखाली धरली तर पृष्ठभाग बारीक बारीक खड्ड्यांचा, आणि खड्ड्यांत काळं. तिने आधी चांदी पॉलिशच्या फडक्याने घासून बघितली होती, वरवर उजळायची पण काळेपणा तसाच, उलट ठिपक्याभोवतीचा तपकिरी रंग घासून निघाला आणि प्रत्येक ठिपक्याला तांबूस कडं आलं. ते तर अजूनच वाईट दिसत होतं, रोगट.

फाउंड्रीला विचारलं की नेमकं काय लावलं. उत्तर आलं नेहमीचंच, खाली लिव्हर ऑफ सल्फर आणि वर गरम फेरिक नायट्रेट. ब्रॉन्झवर सुंदर गडद तपकिरी आणायची ही सरळ, रोजची पद्धत आहे, नुसतं ब्रॉन्झ असेल तर यात काहीच चूक नाही. पण लिव्हर ऑफ सल्फर म्हणजे गंधकाचं संयुग, ते तांब्याला काळं करतं तसंच चांदीलाही करतं, हवेतल्या गंधकाने चांदी वर्षभरात जेवढी काळवंडते तेवढी इथे मिनिटात. आणि फेरिक नायट्रेट तर चांदी खातंच. दागिने करणारे लोक चांदीवर नक्षी कोरायला, म्हणजे एचिंग करायला, मुद्दाम हेच वापरतात! म्हणजे आधी काळी केली, मग गरम करून वरून खरवडली, आणि उरलेलं गंधक खड्ड्यांत जाऊन बसलं. मग फडकं कितीही घासा, खड्ड्याच्या तळाला फडकं पोचतच नाही. डोळ्यांतल्या सोन्याला मात्र काहीही झालं नव्हतं, चोवीस कॅरेटचं होतं, त्याला ना गंधक लागतं ना फेरिक नायट्रेट. डोळे झकास चमकत होते, म्हणून तर बाकीची चांदी अजूनच केविलवाणी वाटत होती.

म्हणजे ठिपके खराब झाले ते तिच्या हाताने नाही आणि फाउंड्रीच्याही हाताने नाही, दोघांच्या मध्ये जी बोलणी व्हायला हवी होती ती झालीच नाही म्हणून. जडावाच्या कामात रंग हा शेवटचा टप्पा असतो पण ठरवायचा सगळ्यात आधी. हे जुन्या कारागिरांना पक्कं माहीत होतं. बिदरीचंच बघा ना, म्हणजे बिदरच्या काळ्या धातूवरच्या चांदीच्या जडावाचं, तिथे मुळात मिश्रधातूच असा घेतात, एक भाग तांब्याला सोळाच्या आसपास जस्त, आणि मग नवसागर घातलेल्या बिदरच्या किल्ल्यातल्या मातीचा लेप लावतात. तो लेप जस्ताच्या अंगाला कुळकुळीत काळं करतो आणि चांदीला हातही लावत नाही. जपानी लोकांनी वेगळा रस्ता काढला, तांब्यात चारेक टक्के सोनं मिसळून शाकुदो नावाचा धातू केला, जो त्यांच्या द्रावणात उकळला की निळसर काळा होतो आणि शेजारचं सोनं पिवळंच राहतं. दोन्हीकडे धातू, जडाव आणि रसायन ही तिन्ही एकत्र विचारात घेतलेली. आपण मात्र बाजारात मिळेल तो ब्रॉन्झ, आवडेल ती चांदी आणि फाउंड्रीत भिंतीवर टांगलेल्या सँपलमधला रंग असं करतो आणि मग नशिबाला दोष देतो.

दुरुस्तीचं ठरवायला बसलो तेव्हा आमचं चांगलंच वाजलं. तिचं म्हणणं, चांदीचा नादच सोडू, सगळे ठिपके सोन्याचे करू, काळं पडायचं टेन्शनच नाही. रसायनाच्या हिशोबाने ती बरोबर होती. पण मला ते अजिबात पटेना. गडद अंगावर एवढं पिवळं म्हणजे बिबट्या कमी आणि दागिना जास्त, आणि डोळ्यांतल्या सोन्याची किंमत शून्य. शिवाय तिने हा प्राणी गडद का केला होता? कारण तिच्या डोक्यात काळा बिबट्या होता. काळा बिबट्या म्हणजे वेगळी जात नाही, तोच बिबट्या, फक्त अंगात काळा रंग जास्त, आणि त्याचे ठिपके कुठे जात नाहीत, काळ्यावर काळे असतात, ऊन तिरपं पडलं की दिसतात. ही मूळ कल्पना एवढी चांगली होती की त्यासाठी चांदी आरशासारखी चमकायला नकोच होती. सौम्य, मॅट, प्रकाश फिरला की उमटणारी आणि नाहीतर अंगात मुरलेली. सोनं हे करूच शकत नाही, ते सगळीकडून ओरडतं. तिने दोन दिवस फोन उचलला नाही आणि मग मेसेज केला, "ठीके, चांदी."

मग नक्षीचा मुद्दा. तिने सगळ्या अंगावर एकाच मापाची फुलं काढली होती, खांद्यावर, मांडीवर, मानेवरसुद्धा. खरा बिबट्या असा नसतो. फुलांसारखे पोकळ ठिपके पाठीवर आणि कुशीवर, आणि डोकं, मान, पाय इकडे आलं की ते लहान आणि भरीव होत जातात. गंमत म्हणजे हे जडावाच्या पण सोयीचं आहे. पोकळ फूल म्हणजे वळणारी खोबण, तिला लांब ओठ लागतात, जाडी लागते. भरीव लहान ठिपका म्हणजे एक आंधळं, आरपार न जाणारं भोक, तळाशी थोडं रुंद केलेलं, त्यात जाड तारेचा तुकडा ठोकून बसवायचा, खिळ्यासारखा. अरुंद आणि गोलाई जास्त असलेल्या जागी हा खिळाच चांगला बसतो. चीनमध्ये हपेई प्रांतात झोंगशान राज्याच्या राजाच्या थडग्यातून १९७० च्या दशकात हरीण खाणारा एक ब्रॉन्झचा वाघ निघाला, इसवीसनपूर्व चौथ्या शतकातला, सोन्या-चांदीचं जडाव असलेला. त्याचे फोटो मी तिला मुद्दाम दाखवले. त्यावर पट्टे अंगाच्या वळणाबरोबर वळतात, वाघाचा ताण त्या पट्ट्यांतूनच कळतो. तसंच १९६३ मध्ये चीनच्याच शाआन्शी (Shaanxi) प्रांतात सापडलेला हान राजवटीच्या काळातला गेंडा, अख्ख्या कातडीवर बारीक तारांची ढगांची नक्षी, आणि तरी बघताना आधी गेंडा दिसतो मग नक्षी. एवढंच हवं होतं.

प्रत्यक्ष काम असं झालं. खांद्याचा पातळ भाग सरळ कापून काढला. रबराचा मोल्ड शाबूत होता म्हणून तेवढाच तुकडा मेणात काढून पुन्हा ओतला, या वेळी भिंत जाड, आणि त्याच ब्रॉन्झच्या रॉडने वेल्ड केला. वेल्डिंगच्या आधी शेजारचे ठिपके काढून घ्यावे लागले, कारण वेल्डची उष्णता ब्रॉन्झमधून लांबवर पळते आणि चांदी ९६२ अंशाला वितळते, ब्रॉन्झच्या थोडीशीच खाली. हे काढताना कळलं की तिचं पाठीवरचं काम किती पक्कं होतं, एकेक ठिपका ड्रिलने पोखरून काढावा लागला आणि ती शेजारी बसून शिव्या देत होती, स्वतःच्याच कामाला.

वेल्डची शिवण ही एक वेगळी डोकेदुखी. तिथला धातू त्याच जातीचा असला तरी छिन्नीला वेगळा लागतो, मधेच एखादं बारीक हवेचं भोक निघतं. म्हणून नवीन ठिपक्यांची जागा अशी आखली की एकही शिवणीवर येत नाही. दोन ठिपके त्यासाठी बोटभर सरकवले, कुणाला कळणारही नाही.

ठोकायच्या आधी मूर्ती उलटी करून आत राळ ओतली, विटेची भुकटी आणि थोडं तेल घालून. मूर्ती बसलेली असल्यामुळे खालून उघडी होती, हे नशीब. राळेने पोकळपणाचा आवाज बंद होतो, ठोका जिथे मारला तिथेच राहतो. खांद्याला हात लावला आणि पहिल्याच ठोक्याला तिने मान वर केली, कारण आता तो डब्यासारखा वाजत नव्हता, ठप्प असा दगडासारखा वाजत होता. रंगाच्या आधी मात्र ही राळ पूर्ण काढायची, नाहीतर टॉर्च लागला की खालून ओघळ.

जुन्या ठिपक्यांचं काय करायचं हा प्रश्न होता, सगळे बदलायचे की नाही. माझं मत पडलं की नाही. चांदी पुरेशी जाड होती, वरचा खड्ड्यांचा थर कानस आणि एमरी पेपरने उतरवला तर खाली निरोगी चांदी होती. पण ठिपके एकदम पृष्ठभागाच्या पातळीत आणले नाहीत. आजूबाजूचं ब्रॉन्झ जरासं घासून खाली घेतलं, म्हणजे चांदी केसभर वर राहिली. बोटाला जेमतेम जाणवेल एवढीच. याचा फायदा असा की पुढे कधीही चांदी उजळायची झाली तर सपाट लाकडी ठोकळ्याला बारीक पेपर गुंडाळून फिरवला की फक्त चांदीला लागतो, रंगाला लागत नाही, आणि ते तांबूस कडं येत नाही.

रंग थंड पद्धतीने दिला, फेरिक नायट्रेट पूर्ण बंद. लिव्हर ऑफ सल्फर पातळ करून, कोमट, अनेक हात, प्रत्येक हातानंतर धुऊन. चांदी यातही काळी होते, ते गृहीतच धरलं होतं, पण खड्डे पडत नाहीत. मग ठोकळ्याने वरचा काळा थर काढला आणि फुलांच्या आतल्या वळणांत तो तसाच राहू दिला. आधी हे सगळं ब्रॉन्झच्या एका टाकाऊ तुकड्यावर चांदी बसवून करून बघितलं होतं. वरून मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा हात.

क्लायंटशी बोलायला आम्ही दोघं गेलो. खांदा नवीन बसवलाय हे लपवायचं नाही असं आधीच ठरलं होतं. त्यांचा लगेच प्रश्न, मग याची किंमत कमी झाली का? मी त्यांना ब्रिटिश म्युझियममधल्या गेयर-अँडरसन मांजरीचं सांगितलं, इसवीसनपूर्व ६०० च्या आसपासची इजिप्तची ब्रॉन्झची मांजर, छातीवर चांदीचं जडाव, कानात-नाकात सोन्याच्या रिंगा. तिच्या एक्सरेत दिसलं की अंगभोवती तडे गेलेत आणि आतून आधार दिलाय म्हणून डोकं जागेवर आहे. जग तिच्यासमोर रांग लावून उभं राहतं. ते हसले, पण पूर्ण पटलेलं वाटलं नाही, आणि त्यांनी दुरुस्तीचे सगळे फोटो लेखी नोंदीसकट मागून घेतले. दिले. मागायलाच हवेत असे.

आणि सोबत एक कागद दिला की बाजारातलं सिल्व्हर डिप, म्हणजे चांदी उजळायचं द्रावण, याला लावू नका, ते चांदी उजळवतं पण ब्रॉन्झचा रंग खरवडून काढतं, अमोनियाचं क्लीनर तर तांब्याच्या कुठल्याही धातूला वाईट. लोकरी कापडात किंवा रबराच्या चटईवर ठेवू नका, दोन्हीतून गंधक सुटतं. मऊ सुती फडकं आणि वर्षातून एकदा मेण, बस. शेपटीच्या टोकाचा एक ठिपका मात्र बाकीच्यांपेक्षा लवकर काळा पडतोय, बहुतेक येणारे-जाणारे तिथेच हात लावतात. क्लायंटला तो तसाच आवडलाय म्हणे, तर आम्ही हात लावला नाही.

ती आता एक बैल करतेय, शिंगांवर आणि वशिंडावर सोन्याची तार. मेणाची प्रत ओतायला जायच्या आधी तिने फाउंड्रीला त्याच ब्रॉन्झच्या चार पट्ट्या मागितल्या, रंगाच्या ट्रायलसाठी.